दिवसाच्या तीन, जेवण एक

"ही परत घ्या," म्हणत बबन मोरे यांनी कॅप्सूलची बाटली माझ्या काउंटरवर ठेवली. ठेवली हा शब्द मी सभ्यपणा म्हणून वापरते आहे. आतल्या कॅप्सूल जाग्या झाल्या असतील, इतक्या जोरात ठेवली.

"काय झालं?"

"गुण नाय."

औषधाच्या दुकानात 'गुण नाय' हे 'नमस्कार'च्या जागी चालतं. गुण आला तर श्रेय कुलदैवताला, उरलं तर डॉक्टरांना. गुण नाही आला तर बाटली दुकानात परत. उघडलेलं औषध परत घेतलं जात नाही, अशी ठळक अक्षरांतली पाटी माझ्या काउंटरवर उभी आहे. लोक तिच्यावर हेल्मेट अडकवतात.

माझं दुकान बिरवाडीत. महाडची औद्योगिक वसाहत शेजारीच, त्यामुळे शिफ्ट सुटली की गर्दी, शिफ्ट भरली की माशा. मी फार्मसिस्ट, म्हणजे गावाच्या भाषेत 'मेडिकलवाली म्याडम'. वीस-बावीस वर्षं या काउंटरमागे उभी आहे. माझा समज असा होता की, माणूस औषध जितक्या प्रकारे चुकीचं घेऊ शकतो ते सगळे प्रकार मी पाहिले आहेत. डोळ्यांत घालायचे थेंब कानात, कानातले डोळ्यांत, आणि वाफेत टाकायची कॅप्सूल थेट पोटात. बबनरावांनी माझा हा गर्व उतरवला.

बबनराव उमरठच्या बाजूच्या एका वाडीतले. वसाहतीतल्या एका कंपनीत ड्रम हलवायचं काम करतात. बायको सुनंदा आणि ते बिरवाडीत एका चाळीत खोली घेऊन राहतात. त्यांच्या कंपनीत औषधांना लागणारी पावडर बनते आणि ती ड्रममधून परदेशी जाते. तिकडची माणसं तिने ठणठणीत होतात म्हणे. ड्रम ढकलणारा माणूस मात्र वर्षभरात असा वाळला होता की, त्याचा युनिफॉर्म खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

आजार होता स्वादुपिंडाचा. स्वादुपिंड हा जठराच्या मागे लपून काम करणारा अवयव. तो रोज निमूटपणे पाचकरस तयार करून आतड्यात सोडतो, आणि त्या रसामुळे खाल्लेलं तेल-तूप, मटण, डाळ अंगी लागतं. निमूट काम करणाऱ्याची चौकशी कोणी करत नाही, तशी याचीही होत नाही. बबनरावांच्या स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज येऊन गेली होती आणि आता रस पुरेसा तयार होत नव्हता. ही सूज पुष्कळांना दारूने येते, काहींना पित्ताशयातल्या खड्यांनी, आणि काहींना का आली ते शेवटपर्यंत कळत नाही. बबनराव या तिसऱ्या गटातले. वाडीने त्यांना एकमताने पहिल्या गटात घातलं होतं. उभ्या जन्मात ताडीसुद्धा न चाखलेल्या माणसाला ही पदवी फुकट मिळाली.

रस कमी पडला की खाल्लेली चरबी न पचता तशीच बाहेर पडते. शौच तेलकट होतं, त्याला घाण वास येतो, ते पाण्यावर तरंगतं, कितीही पाणी ओता, जात नाही. बबनरावांना हे मला सांगणं शक्य नव्हतं. ते लाजून माझ्या मागच्या च्यवनप्राशच्या बरण्या मोजत होते. सोबत आलेली सुनंदा मात्र सरळ बोलली.

"म्याडम, चाळीत एकच संडास हाय. ह्ये जाऊन आले की शेजारीण बादली घेऊन आमच्या दारात उभी. म्हनते, तुमच्या मालकानं डालडा खाल्ला का काय?"

"गो, हळू बोल की!"

"हळू कशाला? वास काय हळू येतो?"

तर यावर महाडच्या डॉक्टरांनी या कॅप्सूल दिल्या होत्या. स्वादुपिंड जो रस बनवत नाही तो बाहेरून द्यायचा, इतकं साधं औषध. कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात. त्या दाण्यांवर एक लेप असतो. जठरातलं आम्ल झेलून दाणे पुढे आतड्यात पोचावेत आणि तिथे उघडावेत, यासाठी तो लेप. म्हणून ही कॅप्सूल चावायची नाही, दाणे कुटायचे नाहीत, गरम चहा-दुधात टाकायचे नाहीत, आणि तोंडात घोळवत बसायचं नाही. नाहीतर दाणे तोंडालाच पचवायला घेतात आणि आतून सोलून काढतात.

"मग परत का करताय? बरं व्हायचं नाही का?"

बबनरावांचा आवाज एकदम खाली आला. "कंपनीच्या तपासणीत वजन लय उतरलं. सायबानं ड्रमवरून काढलंय. म्हनला, बबन, तू ड्रम ढकलतोस का ड्रम तुला, तेच समजत नाय. आता गेटजवळ झाडू मारतो. महिन्यानं परत तपासणी हाय. त्यात पास झालो तर जागेवर, नायतर घरी. कंत्राटी मानूस मी, मला कोन ठेवतंय?"

म्हणजे मुदत एका महिन्याची होती. एवढ्यात सुनंदाने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर बबनरावांचा धाकटा भाऊ दिनकर, मुक्काम मुंबई. मुंबईत राहणाऱ्या भावाला आमच्याकडे सगळ्या विषयांतली एम.डी. आपोआप मिळते.

"म्याडम, मी सर्च मारलाय," दिनकर म्हणाला. "बॉडीला गोळीची सवय पडते. सिंपल हाय. एक तर डबल डोस मारायचा, नायतर टोटल बंद. माझ्याकडं एक पावडर हाय, एकदम नॅचरल. मी पाठवतो."

"तुम्ही काय करता, दिनकरराव?"

"सिक्युरिटी सुपरवायझर हाय. मोठ्या मॉलला."

"मग आत काय सोडायचं आणि काय नाही, याची समज तुम्हाला असणारच. ती पावडर तेवढी गेटवरच अडवा."

फोन ठेवला आणि मी तपासाला लागले. बाटलीची एक्सपायरी पाहिली. लांब होती. बॅच ठीक. बाटली ठेवता कुठे? चुलीपाशी? खिडकीत उन्हात? नाही, सावलीतल्या कपाटात, सुनंदाच्या साड्यांखाली. माझं औषध माझ्या दुकानापेक्षा थाटात राहत होतं.

"कॅप्सूल चावता?"

"नाय."

"चहाबरोबर?"

"नाय. गार पान्याबरोबर. सरळ बसून."

"जेवणाच्या आधी अर्धा तास, नंतर तासाभराने, असं काही?"

"नाय ओ. पयला घास खाल्ला की गोळी. डॉक्टरांनी सांगितलं जेवनाबरोबर, मी घेतो जेवनाबरोबर. येक दिवस चुकवत नाय."

बाटली संपतेय कधी, तेही बरोबर होतं. दिवसाला तीन लिहिल्या होत्या आणि तेवढ्याच जात होत्या. असा आज्ञाधारक पेशंट मी पाहिला नव्हता. चुकणाऱ्या पेशंटला दटावता तरी येतं. न चुकणाऱ्याचं काय करायचं?

मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर मूळचे घाटावरचे, साताऱ्याकडचे. माणूस चांगला, पण ओपीडीत बाहेर तीस लोक बसलेले असताना कोणीही वाक्य अर्धंच ऐकतो.

"जेवणाबरोबर घेतायत ना?"

"हो म्हणतात."

"मग डोस वाढवू. उद्या पाठवा, लिहून देतो."

यात चूक काही नव्हती. औषध बरोबर घेऊनही भागत नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात. फक्त तो डॉक्टरांनी वाढवायचा, दिनकररावांनी नाही. हे पाचकरसाचं औषध आहे, शेंगदाणे नाहीत. मनाने फार मोठे डोस घेत राहिलं तर मोठ्या आतड्याला इजा होऊ शकते. मी बबनरावांना म्हटलं, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. बाटली घेऊन जा. पैसे परत मिळणार नाहीत, पाटी वाचा." त्यांनी पाटीवरचं स्वतःचं हेल्मेट उचललं आणि पाटी पहिल्यांदाच वाचली.

आणि मग, निव्वळ माणुसकी म्हणून, मी विचारलं, "जेवलात का?" दुपारचे दोन वाजले होते. आपल्याकडे हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत. पुढचं गिऱ्हाईक यावं म्हणून विचारतात.

"नाय, जेवाय कुठं?" बबनराव म्हणाले. "आत्ता भाकरी खाऊन आलो."

मी पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली होती. ती तशीच खाली ठेवली.

"काय म्हणालात?"

"भाकरी खाल्ली."

"म्हणजे जेवलात."

"नाय, नुसती भाकरी खाल्ली."

"कशाबरोबर?"

"सुकं मटान होतं कालचं. तेलात परतून दिलं हिनं. दोन भाकऱ्या खाल्ल्या."

"आणि जेवला नाहीत!"

"म्याडम," बबनराव समजुतीच्या सुरात म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं, "भात कुठं खाल्ला? भात खाल्ल्याबिगर जेवान कसं व्हईल?"

रांगेतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्यांनाही माझीच कीव आली होती.

मी महाडची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या भागात भात म्हणजे जेवण. बाकी सगळं 'खाल्लं'. नाचणीची भाकरी खातात, तांदळाची भाकरी खातात, वडापाव खातात. जेवतात फक्त भात. आणि डॉक्टर पडले घाटावरचे. त्यांच्याकडे भाकरी म्हणजेच जेवण. डॉक्टरांनी विचारलं, जेवणाबरोबर घेता ना? बबनरावांनी सांगितलं, हो. दोघंही खरं बोलले. मधला वरंधा घाट कोणी चढला नाही की उतरला नाही.

मी स्टूल पुढे ओढलं आणि त्यांना बसवलं. "बबनराव, सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगा. जेवण सोडून."

"सकाळी चहा-भाकरी. वर अंड्याची पोळी."

"गोळी?"

"नाय. न्याहारी ती."

"मग?"

"धा वाजता कंपनीच्या गेटवर दोन वडापाव."

"गोळी?"

"वडापावला गोळी?" बबनराव हसले. मागची रांगही हसली.

"दुपारी मटण-भाकरी, गोळी नाही. रोज संध्याकाळी?"

"चहा-फरसान. कवा भजी."

"आणि रात्री?"

"रात्री जेवान! भात, वरून पातळ आमटी, नायतर ताक. रात्री हलकंच बरं, डॉक्टर म्हनलेत."

"आणि तेव्हा गोळी."

"तीन."

"तीनही?"

"दिवसाच्या तीन लिवल्यात ना? जेवान एक. मंग तिन्ही त्यातच घ्याला लागतात की!"

हिशोब बिनचूक होता. या हिशोबाला मी मनातल्या मनात उभं राहून टाळ्या वाजवल्या. अंडं, वडा, मटण, भजी हे सगळं दिवसभर आतड्यातून विनाअडथळा, विनातपासणी निघून जात होतं. आणि रात्री ताक-भाताच्या स्वागताला तीन कॅप्सूल हजर.

"आणि उपास असतो तेव्हा?"

"सोमवार-शनवार करतो. त्या दिवशी जेवनच नसतं तर गोळी कसली? दुसऱ्या दिवशी रात्री मागच्या धरून सहा घेतो. बुडवत नाय म्याडम, सांगितलं ना."

"उपासाला खाता काय?"

"साबुदान्याची खिचडी," सुनंदा म्हणाली. "शेंगदान्याचं कूट आन् भरपूर तूप. ह्यांचं वजन उतरलंय ना, म्हनून मी तूप वाढवलंय."

आता मला टाळ्या थांबवाव्या लागल्या. सहा एकदम म्हणजे हसण्याची गोष्ट नव्हती.

"नीट ऐका," मी म्हटलं. "राहून गेलेली कॅप्सूल पुढच्या खाण्यात भरून काढायची नसते. राहिली ती राहिली. हे औषध तापाच्या गोळीसारखं अंगात फिरत नाही, साठत नाही. समोर जे खाणं येतं त्याच्यात मिसळून काम करतं आणि संपतं. तुमच्या कंपनीत शिफ्ट किती?"

"तीन."

"तिन्ही शिफ्टची माणसं नाईटलाच बोलावली तर?"

ड्रम ढकलणाऱ्या माणसाला हे ओळखीचं होतं. "मंग दिवसभर प्लँट बंद की."

"आणि नाईटला?"

"नाईटला गर्दी. येक काम करंल, दोघं झोपतील." मग डोक्याला हात लावला. "आयला!"

"तेच तुमच्या पोटात चाललंय."

सुनंदाने ताबडतोब दिनकरला फोन लावला. दिनकरने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे सगळे गार्ड रात्री, आन् दिवसा गेट उघडं? मंग माल बाहेर जानारच ना! दादा, मी हेच तुला बोलत होतो!"

मुंबईच्या भावाचं हे एक बरं असतं. तो कधीच चुकत नाही, फक्त बाजू बदलतो.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला. "डॉक्टर, डोस वाढवू नका. आधीचाच अजून कामाला लागलेला नाही. पेशंट भात खाल्ला तरच जेवतो."

डॉक्टर म्हणाले, "आणि भाकरी?"

"भाकरी नुसती खातात."

"मटणाबरोबर?"

"मटणाबरोबर नुसती."

डॉक्टर एवढे हसले की बाहेरच्या तीस लोकांना वाटलं असेल, आज निदान लवकर होणार. मग त्यांनी कॅप्सूल नव्याने वाटून दिल्या. मोठ्या खाण्याला किती, किरकोळ खाण्याला किती, दिवसाला जास्तीत जास्त किती. हे आकडे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते बबनरावांचे आहेत. वाचकांपैकी कोणी दिनकर असेल तर त्याने उगाच कष्ट घेऊ नयेत.

एक अडचण उरली होती. बबनराव काउंटरवर वाकून कुजबुजले, "पन म्याडम, डॉक्टर म्हनले ही गोळी डुकरापासून करतात. एरवी ठीक हाय, औषध म्हनून घेतो. उपासाला कशी चालंल?"

हे खरं आहे, आणि ते पेशंटला आधी सांगायलाच हवं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे त्यांचं चांगुलपण. मी म्हटलं, "तो तुमचा निर्णय. मी एवढंच सांगेन, तूप घातलेली खिचडी गोळीशिवाय पचणार नाही. उपासाला गोळी नको असेल तर ती खिचडीही नको. आणि आत्ताच्या तब्येतीला उपाशी राहणंही नको."

बबनरावांचा चेहरा उजळला. "मंग उपासच बंद!" इतक्या वर्षांनी सुटका अशी मेडिकलच्या काउंटरवर मिळेल असं त्यांना वाटलं नसावं.

"वजन येईस्तोवर बंद," सुनंदा म्हणाली. "तोवर तुमच्या वाटचे सोमवार-शनवार मी करीन. देवाला मी सांगते."

आता मुख्य काम. मी 'जेवण' हा शब्द बबनरावांपुरता रद्द केला. त्याच्या जागी काय? 'आहार' म्हटलं तर ते त्याला सरकारी योजना समजले. 'चरबीयुक्त पदार्थ' म्हटल्यावर ते पुन्हा बरण्या मोजू लागले. शेवटी सुनंदानेच निकाल लावला.

"अवो, दात हालले की गोळी!"

"तंबाखूला पण?"

"तंबाखू आजपास्नं बंद!"

"ते खरंच बंद करा," मी म्हटलं. "स्वादुपिंडाला तंबाखू वाईटच. बाकी नुसता कोरा चहा, पाणी, एखादं केळं यांना गोळी लागत नाही. भाकरी-कालवण, वडापाव, भजी, भात, या सगळ्यांना लागते. पहिल्या घासाला. आणि खाणं लांबलं, पंगतीत बसलात, तर काही सुरुवातीला, काही मध्ये." मी बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि पेनाने भाकरीचं चित्र काढलं. बबनराव म्हणाले, चंद्र छान काढलाय.

दुसऱ्या दिवसापासून माझी खरी परीक्षा सुरू झाली. बबनराव कामावर जाता-येता बाइक थांबवून रस्त्यावरून ओरडायचे.

"म्याडम, फनसाचे गरे खाल्ले! गोळी?"

"नाही!"

"आन् आठळ्या तळल्या तर?"

"मग हो!"

समोरचा वडापाववाला आता कोणालाही वडा देताना विचारू लागला, "गोळी घेतली का रे?" शेजारीण बादली घेऊन दारात येईनाशी झाली. सुनंदाच्या मते हा पहिला रिपोर्ट होता, आणि माझ्या मते कुठल्याही लॅबपेक्षा खात्रीचा.

डॉक्टरांनी मधे एकदा साखर तपासली, कारण स्वादुपिंड बिघडलं की साखरही बिघडू शकते. ती ठीक निघाली. महिन्याने कंपनीची तपासणी झाली. त्या दिवशी संध्याकाळी बबनराव दुकानात आले तेव्हा युनिफॉर्मची बटणं थोडी तरी पोटाला टेकली होती.

"काय झालं?"

"वजन चढलं. उद्यापास्नं ड्रमवर!" ते म्हणाले. "सायेब म्हनला, काय रे बबन, टॉनिक कुठलं घेतलंस? मी म्हनलं, टॉनिक नाय सायेब, शिफ्ट बदलली."

त्यांनी डबा उघडून काउंटरवर ठेवला. सुनंदाने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, वर तेलाचा तवंग. एक भाकरी त्यांनी मला दिली, एक स्वतः घेतली. पहिला घास तोंडात घातला, खिशातून बाटली काढली, माझ्याच बाटलीतलं गार पाणी घेऊन कॅप्सूल गिळली.

मी विचारलं, "जेवताय का?"

"नाय ओ," बबनराव भाकरी चावत म्हणाले. "नुसती गोळी खातोय."

तेव्हापासून मी कुठल्याच गिऱ्हाइकाला 'जेवणाबरोबर घ्या' असं सांगत नाही. सकाळपासून काय खाल्लं ते विचारते. रांग वाढते, लोक चिडतात, आणि पाटीवर आता दोन हेल्मेटं असतात.